बनेश्वराची घंटा आणि गिरणीचा भोंगा



परमतसहिष्णुतेवर बोलावयाचे, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी सांगितले तेव्हा आम्ही प्रथम जरा बिचकलोच. आमची शाळा सातवीला सुटली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, वडिलांची गिरणी त्यात बंद पडली ती पडलीच, आणि पुढे जे काही शिकलो ते कामगार सभेच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापुढे बसून. धर्मशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु धर्मवेडाने कामगाराच्या घरातून काय काय जाते, याचा हिशेब मांडण्याइतका अनुभव तीस वर्षांच्या चळवळीने दिला आहे. तो हिशेबच आज आपणांपुढे ठेवतो.

आरंभ आपल्या दारापासून करू. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघालेला मनुष्य कात्रज ओलांडतो, खेड-शिवापूर मागे टाकतो, आणि चेलाडी फाट्याच्या पुढे आला की आमचे कामथडी लागते. फाट्यावरून आत वळले तर नसरापूरचे बनेश्वर. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीत बांधलेले हे शिवालय आहे. तेथील घंटेवर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. लहानपणी आम्ही ती घंटा कितीदा पाहिली असेल. पण ती मूळची ख्रिस्ती देवळातली, हे कळावयास आम्हांस मुंबई गाठावी लागली.

ही घंटा वसईच्या मोहिमेतली. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. त्यांच्या राज्यात हिंदूंची देवळे पाडली गेली, सणवार व संस्कार यांवर बंदी आली, आणि गोव्यात १५६० मध्ये धर्मचौकशीचे न्यायासन बसले. तेथे केवळ हिंदूच नव्हे, तर बाटून ख्रिस्ती झालेला मनुष्यही घरी जुनी रीत पाळतो की काय, याची चौकशी होई. दुसऱ्याच्या धर्मापासून सुरू झालेला संशय आपल्याच धर्मबांधवाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला. धर्मवेडाची चाल सर्वत्र अशीच असते. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि तिकडच्या कित्येक घंटा मराठे घेऊन आले. मेणवलीस, नाशिकास, भीमाशंकरास त्या आजही पाहावयास मिळतात.

या घंटेकडे बोट दाखवून, पाहा आमची सहिष्णुता, असे म्हणणारे काही जण भेटतात. आम्हांस ते पटत नाही. ती लढाईत जिंकून आणलेली वस्तू आहे. तिला प्रेमाची भेट म्हणणे म्हणजे इतिहासाला खोटे बोलावयास लावणे होय. सहिष्णुता पाहावयाची तर ती वसईच्या तहात पाहावी. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेने आपल्या धर्माप्रमाणे उपासना करावी, ही मोकळीक त्या तहाने दिली होती. ज्यांच्या राज्यात आपली देवळे पडली, त्यांच्यावर जय मिळाल्यावर हे कबूल करणे सोपे नव्हते. वसईचा ख्रिस्ती समाज आज तेथे नांदतो आहे, मराठीतूनच बोलतो आहे. आणि घंटेविषयी एवढेच म्हणता येईल की, अडीचशेहून अधिक वर्षांत तिच्यावरचा क्रूस घासून काढावा असे आमच्या कोणा आजोबा-पणजोबांस वाटले नाही. हेही थोडे नव्हे.

याच रस्त्यावर खेड-शिवापूरला कमर अली दरवेशांचा दर्गा आहे. तेथील मोठा दगड अकरा जणांनी प्रत्येकी एक बोट लावून, दरवेशांचे नाव घेऊन उचलावयाचा, ही रीत सर्वांस ठाऊक आहे. बोट लावणाऱ्याची जात किंवा धर्म तेथे कोणी विचारीत नाही. जुन्या गावगाड्यातही मुलाण्यास बलुते होते. त्याचे काम गावास हवे असे आणि गावाचे धान्य त्यास हवे असे. ताबूत उचलावयास हिंदूंचे खांदे असत. मात्र याच गावगाड्याने महारास वेशीबाहेर ठेवले होते, हे विसरून जुन्या काळाची आरती ओवाळणे बरोबर नाही. एकमेकांच्या देवास हात जोडणारी माणसे शेजारच्या माणसास पाणी नाकारीत होती. म्हणजे त्या सहिष्णुतेस भक्कम पाया नव्हता. ती बरीचशी सवयीची होती. आणि सवय गाव सुटले की सुटते.

गाव सुटले ते पोटासाठी. पुणे, सातारा, कोकण या भागांतील माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, चाळीत दाटीने राहिली, खाणावळीत जेवली. हिंदू व मुसलमान एकाच भोंग्याने उठत आणि एकाच मुकादमाच्या शिव्या खात. तरीही ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत दंगल पेटली. त्याच वर्षी मोहरमात काठेवाडात प्रभासपाटण येथे दंगा झाला होता, गोरक्षणाच्या प्रश्नावरून दोन्ही समाजांची मने आधीच तापली होती, आणि ११ ऑगस्टच्या शुक्रवारी जुम्मा मशिदीजवळ ठिणगी पडली. दुसऱ्या दिवशी गिरणी कामगारही त्यात उतरले. ऐंशीच्या आसपास माणसे मेली. लक्षात घ्या, प्रभासपाटण यांतील बहुतेकांनी जन्मात पाहिले नव्हते. न पाहिलेल्या गावाच्या बातमीवरून रोज पाहिलेला शेजारी वैरी ठरला.

या वेळी नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. त्यांचे मूळ घराणे आपल्याच जिल्ह्यातील कन्हेरसरचे. हिंदुस्थानातील कामगार चळवळीचे ते आद्य पुरुष. १८८४ मध्ये त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला होता, आणि १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली होती. दंगल झाल्यावर या गृहस्थाने हिंदू आणि मुसलमान कामगारांची एकत्र सभा राणीच्या बागेत भरविली. रक्त वाळले नव्हते अशा वेळी या दोघांना एका मैदानावर बसविणे म्हणजे काय, हे ज्याने सभा भरविली आहे त्यालाच कळेल. आम्हांस वाटते, त्यांना ते जमले याचे कारण त्यांचे वक्तृत्व नव्हे. रविवारची सुट्टी दोघांनाही मिळवून देणारा माणूस बोलावीत होता, म्हणून दोघेही आले.

लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे अनुयायी. १८९१ मध्ये, म्हणजे जोतीरावांच्या मृत्यूनंतर, त्यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म' प्रसिद्ध झाले. बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि तरीही घर एक, असे कुटुंब त्यात कल्पिले आहे. आपण आज एका आळीतही जे मानावयास कचरतो, ते त्यांनी एका चुलीभोवती मानले. लोखंडे स्वतः १८९७ च्या प्लेगात गेले.

पुढचा दाखला १९२९ चा. आदल्या वर्षी गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला होता. गिरणी कामगार युनियनची सभासद संख्या पन्नास हजारांवर गेली होती. मालक तिला दबकू लागले होते. अशात शिवडीकडे तेल कंपन्यांत संप झाला आणि तो मोडण्यासाठी पठाण कामास लावले गेले. राग होता तो संपफोड्यांवर. पण फेब्रुवारी १९२९ मध्ये अफवा उठली की पठाण मुले पळवितात. मग पठाण दिसेल तेथे मार, आणि पाहता पाहता पठाणाचा मुसलमान झाला व भांडण धर्माचे झाले. शंभराहून अधिक बळी गेले. मार्चमध्ये पुढाऱ्यांना मीरत खटल्यासाठी धरले, एप्रिलात दुसरा सार्वत्रिक संप पुकारला गेला आणि तो फसला. मालकांचे बळ, सरकारची दडपशाही ही कारणे होतीच. पण दंगलीने युनियनपासून मुसलमान विणकर दुरावला होता, हेही एक कारण होते. वर्षभर खपून बांधलेली भिंत पंधरा दिवसांत खिळखिळी झाली.

येथवर वाचलेले सांगितले. आता पाहिलेले सांगितले पाहिजे, आणि ते सांगताना आमची मान खाली जाते.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबई जळली. तेव्हा आम्ही विशी ओलांडलेले, एका लहान वर्कशॉपमध्ये लेथवर काम करीत होतो. आमच्या हाताला वळण लावले ते तेथील एका मुसलमान उस्तादांनी. पत्रा कसा धरावा, पात्याला धार किती द्यावी, हे त्यांनी शिव्या न देता शिकविले. जानेवारीत रोज अफवा येई की समुद्रातून हत्यारे उतरली. आम्हीही चाळीच्या गच्चीवर रात्री जागून पहारा दिला. एका रात्री कोणी तरी विचारले, "तुमच्या कारखान्यात त्यांचे किती आहेत?" आम्ही बोटे मोजून सांगितले, "सात." त्या सातांत उस्ताद होते. विचारणाऱ्याने पुढे काही केले नाही, उस्तादांच्या केसालाही आमच्यामुळे धक्का लागला नाही. परंतु त्या रात्रीपर्यंत ते आमचे उस्ताद होते, आणि त्या रात्री ते सातांतले एक झाले. मोजणी आम्ही केली.

कारखाना उघडला तेव्हा सातांपैकी दोघेच परत आले. उस्ताद आले नाहीत. बोनसची मागणी आम्ही सर्वांनी मिळून दिवाळीआधी दिली होती. ती पुन्हा कोणी काढली नाही. त्यांचे एक कॅलिपर आमच्या खणात राहिले होते. ते अद्याप आमच्याकडे आहे. श्रीकृष्ण आयोगाने त्या दोन महिन्यांतील मृतांचा आकडा ९०० दिला. त्यांत ५७५ मुसलमान व २७५ हिंदू होते. १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांत आणखी २५७ माणसे गेली. सूडाला सूड जोडला गेला, आणि प्रत्येक बाजूने आपापलीच प्रेते मोजली.

मग यावर उपाय काय? मने शुद्ध करा, असे म्हणणे सोपे आहे. आमचे मन काही फार मलिन नव्हते, तरी बोटे मोजली गेलीच. म्हणून उपदेशापेक्षा व्यवस्थेवर आमचा विश्वास अधिक. त्याचा दाखला भिवंडीचा आहे. यंत्रमागांच्या या गावात १९७० मध्ये आणि १९८४ मध्ये भयंकर दंगली झाल्या. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी तेथे आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या स्थापल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे शांततेच्या दिवसांत नेमाने एकत्र बसू लागली. गटार, नळ, मिरवणुकीचा मार्ग, पोरांची भांडणे, सगळे तेथे निघे. १९९२ च्या डिसेंबरात मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली. आग लागल्यावर विहीर खणून भागत नाही. भिवंडीने ती आधी खणून ठेवली होती.

कोणी म्हणेल, कामथडीसारख्या गावास याचे काय? आज आपल्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस कारखाने उभे आहेत. बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा येथून आलेली सर्व धर्मांची मुले खोल्या करून राहतात. ती आपल्यासारखीच गाव सोडून आलेली आहेत. १८९३ मध्ये प्रभासपाटणची बातमी मुंबईस पोचावयास काही काळ लागला. आज कोठलीही खरीखोटी बातमी खिशातल्या मोबाईलवर क्षणात येते.

म्हणून एकच सूचना करून आम्ही थांबतो. आपला धर्म कोणी सोडू नये, आणि दुसऱ्याच्या धर्माची खोटी स्तुतीही करू नये. परंतु प्रत्येक गावात, प्रत्येक कारखान्यात, सर्व धर्मांच्या पाचदहा माणसांनी महिन्यातून एकदा कामाच्या निमित्ताने एकत्र बसावे. पाण्याचे, पगाराचे, खोलीभाड्याचे बोलावे. अफवा आलीच तर ती पुढे धाडण्याआधी त्या बैठकीतल्या दुसऱ्या धर्माच्या माणसास विचारावी. आणि कोणी, "त्यांचे किती आहेत?" असे विचारले, तर आकडा सांगू नये. नावे सांगावीत आणि म्हणावे, ही आमची माणसे आहेत. आम्हांस त्या रात्री एवढे सुचले नाही. आपणांस ते सुचावे.