मोहमेदी, नसरीन

(१९३७–१९९०). भारतीय चित्रकार. भौमितिक अमूर्ततेची वाट भारतात शेवटपर्यंत, तीही जवळजवळ एकट्याने कोण चालले, असे विचारले तर पहिले नाव नसरीन मोहमेदींचे घ्यावे लागते. जन्म कराचीचा, १९४४ मध्ये कुटुंब मुंबईस आले. लंडनच्या सेंट मार्टिन्स स्कूल ऑफ आर्टमध्ये (१९५४–५७) आणि पुढे पॅरिसमध्ये (१९६१–६३) त्यांचे शिक्षण झाले. १९७२ पासून त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला शिकवू लागल्या. त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग मुंबई आणि बडोदा या दोन शहरांत गेला.

भौमितिक अमूर्त चित्रकलेचे एक उगमस्थान रशिया. काझिमिर मालेविच यांनी १९१५ च्या अखेरीस पेट्रोग्राडच्या ‘०,१०’ प्रदर्शनात ‘काळा चौकोन’ टांगला, तोही भिंतींच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे रशियन घरात देवाची प्रतिमा असते. जेमतेम ऐंशी सेंटिमीटरचे हे चित्र. रंग आता तडकला असून भेगांमधून खालचे रंग डोकावतात. मालेविच यांनी आपल्या पंथाला सुप्रिमॅटिझम म्हटले. चित्रातून वस्तू हद्दपार करायची आणि उरलेल्या आकारांवर चित्र उभे करायचे, असा त्यांचा खाक्या होता.

नसरीन यांच्या कामाची तुलना समीक्षक मालेविचशीही करतात. ती चूक नाही, पण अपुरी आहे. मालेविचचा भर रंगाने भरलेल्या आकारावर. नसरीन यांचा रेषेवर. या बाबतीत त्या रशियन चित्रकार अलेक्सान्द्र रोदचेन्को यांच्या अधिक जवळच्या. रोदचेन्को यांनी १९१९–२० च्या सुमारास पट्टी आणि कंपास घेऊन नुसत्या रेषांची चित्रे केली होती. शिवाय मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटच्या वातावरणात नसरीन यांना चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा सहवास लाभला होता. गायतोंडे यांच्या चित्रांतल्या संयमाचा वाटा रशियन प्रभावापेक्षा कमी धरू नये.

साठच्या दशकातील त्यांच्या चित्रांत झाडाझुडपांच्या, पाण्याच्या खुणा दिसतात. सत्तरच्या दशकात त्या गळून पडल्या. आखणीच्या टेबलावर, वास्तुरचनाकाराच्या उपकरणांनी, शाई आणि शिसपेन्सिलीने त्या कागदावर रेषा ओढू लागल्या. आधी आडव्या-उभ्या रेषांची जाळी. पुढे तिरक्या रेषा, त्रिकोण आणि पोकळीत अधांतरी तरंगणारे वक्र. जवळून पाहावे तर सगळ्या रेषा सारख्या नसतात: एक दाट, शेजारची फिकट, तिसरी मध्येच विरळ होत जाणारी. त्यातूनच कागदाला खोली येते. चेताविकारामुळे शरीराच्या हालचालींवरचा ताबा सुटत चालला असतानाही हे काम चालू होते, हे ध्यानात घेतले की त्या रेषांच्या काटेकोरपणाचा अचंबा वाटतो.

रोजनिशीही त्यांनी चित्रासारखीच वापरली. छापील पानांवरचे मजकुराचे रकाने शाईच्या पट्ट्यांनी भरून टाकलेले दिसतात.

त्यांची छायाचित्रे वेगळ्या नोंदीला पात्र आहेत. समुद्रकाठची वाळू, रस्त्यावरच्या खुणा, इमारतींच्या सावल्या, मागावर ताणलेल्या ताण्याचे धागे...  नसरीन यांनी त्यातली फक्त समांतर रेषांची शिस्त उचलली. हयातीत त्यांनी ही छायाचित्रे प्रदर्शनात मांडली नाहीत. चित्रांना नावे दिली नाहीत, बऱ्याच चित्रांवर तारखाही घातल्या नाहीत. त्यामुळे त्यांचा क्रम अभ्यासकांना शैलीवरून लावावा लागतो.

अलिबागजवळच्या किहीम येथे १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. जगाचे लक्ष नंतर गेले: २००७ मध्ये कासेलचे ‘डॉक्युमेंटा १२’, आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयाच्या उद्‌घाटनाच्या वेळचे सिंहावलोकन प्रदर्शन.