परीक्षक तोच प्रतिस्पर्धी

मों ब्लां म्हटले की हॅम्बुर्गची पेने आठवतात. मनगटी घड्याळांच्या धंद्यात ही कंपनी उतरली ती 1997 साली, म्हणजे उशिरानेच. 2008 साली तिने 'निकोला रियुसेक' नावाचा क्रोनोग्राफ बाजारात आणला. क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवता दाखवता स्टॉपवॉचचेही काम करणारे घड्याळ. या घड्याळाची तबकडी मात्र भलतीच उफराटी आहे. तास-मिनिटांचे वर्तुळ वर सरकवलेले, आणि खाली दोन चकत्या: एक 60 सेकंदांची, दुसरी 30 मिनिटांची. एका आडव्या पट्टीला जडवलेले दोन काटे त्या चकत्यांवर टेकल्यासारखे दिसतात. आठच्या आकड्याजवळची कळ दाबली की काटे जागचे हलत नाहीत, त्यांच्याखालून चकत्याच फिरू लागतात.

ही उलटी रीत रियुसेक यांचीच. निकोला माथ्यू रियुसेक हे फ्रान्सच्या राजदरबारचे घड्याळजी. 1 सप्टेंबर 1821 रोजी पॅरिसच्या शाँ-द-मार्स मैदानावर घोड्यांच्या शर्यती झाल्या, तेव्हा त्यांनी एक लाकडी पेटी तिथे आणली. पेटीत घड्याळाचे यंत्र होते, वर सेकंदांची आणि मिनिटांची अशा दोन फिरत्या तबकड्या आणि प्रत्येक तबकडीवर शाई भरलेली एकेक टोकदार नळी. घोडा शेवटच्या रेषेवरून गेला की कळ दाबायची. नळीचे टोक खाली येऊन तबकडीवर शाईचा ठिपका ठेवून परत वर जाई. तबकडी थांबतच नसे. दुसरा घोडा आला, दुसरा ठिपका. तिसरा आला, तिसरा. शर्यत संपली की ठिपके वाचून घ्यायचे, तबकडी पुसायची आणि पुढच्या शर्यतीला तयार राहायचे.

या युक्तीची खुबी ध्यानात घेण्यासारखी आहे. साधे थांबवायचे घड्याळ पहिल्या घोड्यापाशीच थांबते. मागून येणाऱ्यांची वेळ सांगायला ते मोकळे राहत नाही. पैजा तर दुसऱ्या-तिसऱ्या घोड्यावरही लागतात. रियुसेक यांची पेटी अख्ख्या शर्यतीचा हिशेब आपल्या तबकड्यांवर मांडत होती. या यंत्राला त्यांनी दिलेले 'क्रोनोग्राफ', म्हणजे काळ लिहिणारा, हे नाव अक्षरशः खरे होते. तेव्हा पेन विकणाऱ्या कंपनीला हाच पूर्वज सापडावा यात नवल ते काय! फक्त तिच्या घड्याळात शाईचा थेंबही नाही. फिरत्या चकत्या घेतल्या, स्थिर काटे घेतले, नाव घेतले. ज्या एका गोष्टीमुळे ते नाव पडले तीच नेमकी वगळली. मनगटावर शाईची कुपी बाळगणे कुणाच्याही शर्टाच्या बाहीला परवडणारे नाही, हे कबूल. तरी पेनवाल्यांनीच शाई सोडावी, ही गंमत उरतेच.

मों ब्लांने रियुसेक यांना क्रोनोग्राफचे जनक म्हणून मिरवले, आणि त्या वेळी त्याला फारशी हरकत घेण्याजोगे काही कुणाच्या हाती नव्हते. मग मे 2012 मध्ये जिनिव्हात क्रिस्टीजच्या लिलावात खिशातले एक घड्याळ विक्रीला आले. ते ज्यां-मारी शालेर यांनी घेतले. स्वित्झर्लंडच्या सेंट-ब्लेझ गावात लुई म्वाने या जुन्या घड्याळजीच्या नावाने ते कारखाना चालवतात, आणि विक्रीला आलेले घड्याळ म्वाने यांचेच होते. 2013 साली त्याची हकीकत जाहीर झाली तेव्हा इतिहासाची पुस्तके दुरुस्त करावी लागली. डबीवरच्या शिक्क्यांवरून काळ ठरला 1815-16. रियुसेक यांच्या पेटीच्या पाच वर्षे आधी!

आणि हे घड्याळ म्हणजे नुसते थांबवा-चालवा नव्हते. त्याचा मधला काटा सेकंदाला एक पूर्ण फेरी मारतो आणि त्या फेरीचे 60 भाग पाडलेले आहेत. सेकंदाच्या साठाव्या भागाला फ्रेंचमध्ये 'तिएर्स' म्हणत. पंचांग पाहणाऱ्या मराठी माणसाला हे साठाचे पाढे नवे नाहीत. दिवसाच्या 60 घटका, घटकेची 60 पळे, पळाची 60 विपळे. घटका 24 मिनिटांची, पळ 24 सेकंदांचे, म्हणून विपळ बरोबर 24 तिएर्सचे. म्वाने यांचे यंत्र आपल्या विपळाचाही चोविसावा भाग मोजत होते. त्यासाठी त्याचे चक्र तासाला 2,16,000 ठोके देते. आजच्या चांगल्या यांत्रिक मनगटी घड्याळाचे ठोके सहसा 28,800 असतात. झेनिथ कंपनीचे 1969 सालचे 'एल प्रिमेरो' 36,000 ठोक्यांचे, आणि तेवढ्यावर त्याचे आजवर कौतुक होते. सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारे होयर कंपनीचे 'मिक्रोग्राफ' 1916 साली आले, म्हणजे म्वाने यांच्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

त्याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे कळ दाबल्यावर काटे शून्यावर परत येतात. ही सोय अडॉल्फ निकोल यांच्या नावावर होती. बदामाच्या आकाराचे चाक आणि त्यावर आपटणारी हातोडी, याचे त्यांनी 1844 साली लंडनमध्ये पेटंट घेतले, आणि 1862 मध्ये ती क्रोनोग्राफमध्ये रुळली. शून्यावर परतण्याची कल्पना त्याच्या किती तरी आधी म्वाने यांच्या हातांनी प्रत्यक्षात आणली होती, हे 2012 पर्यंत कुणाच्या गावी नव्हते.

एवढी घाई म्वाने यांना कशाची होती? आकाशाची. दुर्बिणीतल्या उभ्या तारेवरून तारा नेमका केव्हा सरकला हे त्या काळचा खगोलवेत्ता भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक कानाने मोजत अंदाजाने टिपत असे. ग्रिनिचला 1796 साली राजज्योतिषी मॅस्केलीन यांनी किनब्रुक नावाच्या साहाय्यकाला याच पायी घरी पाठवले. दोघांच्या नोंदींत 0.8 सेकंदाचा फरक पडत होता. पृथ्वी एका सेकंदात 15 विकला फिरते, म्हणजे तेवढ्या फरकात तारा आकाशात 12 विकला इकडचा तिकडे. म्वाने यांच्या एका तिएर्समध्ये तो जेमतेम पाव विकला सरकतो.

रियुसेक यांचे कैवारी इथे एक रास्त शंका काढतात. कळ दाबणाऱ्या बोटालाच सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. मग साठावा भाग मोजून उपयोग काय? उत्तर असे की सुरू करतानाही बोट तेवढेच उशिरा पडते आणि थांबवतानाही, त्यामुळे दोन्ही उशिरांची वजाबाकी होऊन बरीचशी चूक आपोआप कटते. पूर्ण नाही, पण बरीचशी. शंका मोडत नाही, नुसती बोथट होते.

पहिलेपणाचा हा वाद इथवर घड्याळप्रेमींच्या परिचयाचा आहे. थांबवण्याच्या सोयीपुरतेच बोलायचे तर दोघेही पहिले नव्हेत. इंग्रज वैद्य जॉन फ्लोयर यांनी 1707 साली नाडी मोजण्याच्या घड्याळावर पुस्तकच लिहिले, आणि जिनिव्हाच्या पूझे यांनी 1776 मध्ये वेळ न बिघडवता थांबवता येणारा सेकंदकाटा दाखवला. खरा धागा मात्र वेगळाच आहे, आणि तो रियुसेक यांना मिळालेल्या प्रशस्तिपत्रात सापडतो.

शर्यतीनंतर दीड महिन्याने, 15 ऑक्टोबर 1821 रोजी, फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे रियुसेक यांच्या यंत्राचा अहवाल आला. परीक्षक दोघे. एक गास्पार द प्रोनी, हे इंजिनियर. फ्रेंच क्रांतीच्या काळात काटकोनाचे 90 ऐवजी 100 अंश धरून लॉगॅरिदमची प्रचंड कोष्टके करवून घेणारे. दिवसाचे दहा तास आणि तासाची शंभर मिनिटे करण्याचा क्रांतीचा खटाटोप 1795 मध्ये गुंडाळला गेला होता, आणि म्हणूनच दशमानाच्या या भक्तापुढे आलेल्या तबकडीवर पुन्हा साठच घरे होती. दुसरे परीक्षक अब्राहम-लुई ब्रेगे, त्या काळातले सर्वांत थोर घड्याळजी, अकादमीचे सदस्य.

आता ब्रेगे यांच्या भोवतालची माणसे पाहा. म्वाने त्यांच्या निकटवर्तीयांपैकी. ब्रेगे यांच्या घड्याळविद्येवरच्या नियोजित ग्रंथाच्या कामात त्यांचा हात होता, आणि पुढे 1848 साली म्वाने यांनी स्वतःचा दोन खंडांचा ग्रंथ काढला. फ्रेडरिक लुई फॅटन हा ब्रेगे यांचा शिष्य. त्याच्याबरोबर ब्रेगे यांनी 1820 च्या सुमारास दोन सेकंदकाट्यांचे निरीक्षण-घड्याळ केले होते. त्यातला एक काटा थांबवून वाचता येई. याचा अर्थ, रियुसेक यांचे यंत्र तपासायला बसलेल्या गृहस्थांच्या स्वतःच्या कारखान्यात त्याच जातीचे घड्याळ तयार होते. त्यावर कडी म्हणजे 1822 मध्ये, रियुसेक यांना 9 मार्चला फ्रेंच पेटंट मिळाले त्याच साली, फॅटनने लंडनमध्ये शाईच्या क्रोनोग्राफचे पेटंट घेतले. त्यात तबकडी स्थिर होती आणि शाईची कुपी काट्याच्या टोकाला.

योगायोग? तीन यंत्रे, तीन माणसे, सहा वर्षे, आणि मध्ये एकच नाव. हा योगायोग मानायला मन तयार होत नाही. या लेखाचा कौल असा की क्रोनोग्राफचा पाळणा शाँ-द-मार्सच्या मैदानावर हलला नाही. तो हलला सेन नदीकाठी के द लोरलोज या रस्त्यावर, ब्रेगे यांच्या कारखान्याच्या परिसरात. रियुसेक बाहेरून आले आणि घरच्यांना न सुचलेली एकच गोष्ट घेऊन आले: शाई. फॅटनने ती लगोलग उचलली.

याला प्रतिपक्ष आहे, आणि तो दुबळा नाही. म्वाने यांचे तिएर्सचे घड्याळ ब्रेगे यांना माहीत असते तर परीक्षक म्हणून त्यांनी रियुसेक यांचा मार्ग इतका मोकळा कशाला सोडला असता? पण परीक्षकाचा प्रश्न काय होता हे पाहिले तर कोडे सुटते. अकादमीपुढे आलेले यंत्र नोंद ठेवत होते. म्वाने यांचे घड्याळ मोजते, त्यांनी ठेवलेले नावही 'तिएर्सचा गणक' असेच आहे. पण शून्यावर परतताना ते मागची नोंद पुसूनच टाकते. ब्रेगे यांच्यासारख्या कसबी माणसाला या दोन वेगळ्या वस्तू वाटल्या असणार, आणि तसे वाटण्यात चूकही नव्हती. शिवाय म्वाने यांनी आपल्या घड्याळाचा गाजावाजा केला नाही. ते त्यांच्या स्वतःच्या ताऱ्यांसाठी होते. दोन वर्षांत, 1823 मध्ये, ब्रेगे वारले, आणि दोन्ही बाजू ठाऊक असलेला माणूसच गेला.

मग आजच्या मनगटावर कुणाचे रक्त? वाटणी करायची झाली तर नाव रियुसेक यांचे, कळ दाबून मोजायचे आणि शून्यावर यायचे ही चाल म्वाने यांची, आणि ती चाल घरोघर नेणारे बदामी चाक निकोल यांचे. शाईचा वंश घड्याळात खुंटला तरी पुरता संपला नाही. तो वेधशाळांत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे विजेने चालणारी क्रोनोग्राफ यंत्रे आली. फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या कागदावर ती ताऱ्याच्या क्षणाची खूण उमटवत. रियुसेक यांची फिरती तबकडी म्वाने यांच्या आकाशाच्या कामाला लागली, ती अशी.

उरली आजची दोन श्रीमंती घड्याळे. मों ब्लांच्या घड्याळाची खरी कसोटी चकत्यांत होती. काट्यापेक्षा चकती जड. कळ दाबताच ती फिरवायची तर सुरुवातीला हिसका बसण्याची भीती. म्हणून आडव्या दातेरी पकडीऐवजी उभा क्लच घातला, आणि चकती न दचकता निघते. शालेर यांच्या कारखान्याने 2015 साली 'मेमोरिस' काढले. त्यात क्रोनोग्राफची सारी यंत्रणा पाठीमागे न लपवता तबकडीच्या बाजूला उघडी मांडली आहे. चाके, हातोड्या, पट्ट्या, सगळे समोर. बघण्यासारखा प्रकार आहे. मात्र त्याचे ठोके तासाला 28,800 च. आजोबांचा वेग नातवाच्या साडेसातपट होता, हे जाहिरातीत कुणी मोठ्या अक्षरांत लिहीत नाही.

दोन्ही घड्याळांत आणखी एक साम्य आहे. कळ एकच. पहिल्या दाबाला सुरू, दुसऱ्याला बंद, तिसऱ्याला शून्य. मध्येच थांबवून पुढे मोजत राहायचे तर तशी सोयच नाही. ती अडचण ब्राइटलिंग कंपनीने 1934 साली दुसरी कळ देऊन कधीच सोडवली होती. हल्लीच्या स्वस्त क्रोनोग्राफलाही दोन कळा असतात. मों ब्लांने ती एक कळ आठच्या आकड्याजवळ ठेवली आहे. डाव्या मनगटावर घड्याळ असेल तर उजव्या हाताचा अंगठा तिथे आपसूक पडतो, हातात स्टॉपवॉच धरल्यावर पडतो तसाच.