सवडीची सेवा

परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसाला वर्गणीचे पावतीपुस्तक नवे नाही. गणेशोत्सव असो, वाचनालय असो, पूरग्रस्तांसाठी निधी असो, रविवारच्या सकाळी दोघेतिघे कार्यकर्ते दाराशी येतात, चहा होतो, रकमेविषयी थोडी घासाघीस होते आणि पावती फाटते. इतिहासकारांनी राजांच्या सनदा जपल्या, पुढाऱ्यांची पत्रे जपली. पावतीपुस्तकांची स्थूलप्रत मात्र बहुधा रद्दीतच गेली. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ह्या उपेक्षित विषयाकडे, म्हणजे नोकरीधंदा आणि संसार सांभाळून उरलेल्या सवडीत केल्या जाणाऱ्या सेवेकडे, वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटले. अशा सेवेला काही ऐतिहासिक मोल आहे काय, की ती केवळ सुखवस्तू माणसांची करमणूक होय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला एवढीच सेवा येते. म्हणून हा प्रश्न आपल्या सर्वांचाच आहे.

ह्या विचाराला आरंभ करण्यास १९०५ हे साल सोयीचे आहे. त्या वर्षी २३ फेब्रुवारीस शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तिघा परिचितांना एकत्र आणले. त्यांतील एक कोळशाचा व्यापारी, एक खाणकामाचा अभियंता आणि एक शिंपी होता. प्रत्येक व्यवसायातील एकेक माणूस घ्यावा, आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमावे, ओळखी वाढवाव्यात आणि परस्परांच्या धंद्याला हातभार लावावा, एवढाच त्यांचा बेत होता. आळीपाळीच्या ह्या बैठकींवरून ‘रोटरी’ हे नाव पडले. त्याच वर्षी १२ जून रोजी पुण्यात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्या समाजाच्या सभासदाने अल्पशा वेतनावर आपले सारे आयुष्य देशकार्यास वाहावे अशी अपेक्षा होती. एकीकडे आठवड्यातील तासदीड तास, तर दुसरीकडे सबंध जन्म! दोन्ही संस्थांच्या मागण्यांत इतके अंतर होते की त्यांची नावे एका श्वासात घेणेही कोणाला विचित्र वाटेल. परंतु पुढील इतिहास पाहिला म्हणजे ह्या दोन मार्गांचा परस्परसंबंध ध्यानात येतो.

शिकागोच्या मंडळींना सेवेची जाणीव आरंभी नव्हतीच. १९०६ साली डोनाल्ड कार्टर नावाच्या वकिलाला सभासद होण्याचे निमंत्रण मिळाले, तेव्हा केवळ स्वतःच्या सभासदांचे हित पाहणाऱ्या संघटनेला फारसे भवितव्य नाही, तिने गावासाठीही काही करावे, असे त्याने सुचविले. ही सूचना पटली आणि १९०७ मध्ये ह्या क्लबाने पहिले सार्वजनिक काम हाती घेतले. ते काम कोणते? पुतळा नव्हे, सभागृह नव्हे; शहराच्या मध्यवस्तीत सार्वजनिक शौचालय! रस्त्यावरील माणसाला ही सोय त्या काळी दारूचे गुत्ते आणि मोठी दुकाने यांच्याकडेच काय ती मिळे. गिऱ्हाईक हातचे जाईल ह्या भीतीने त्या व्यावसायिकांनी योजनेस विरोध केल्याची नोंद त्या संस्थेच्या इतिहासात आहे. इतर संस्थांना बरोबर घेऊन आणि नगरपालिकेकडे चिकाटीने पाठपुरावा करून हे काम तडीस नेले गेले. सवडीच्या सेवेचा पहिला धडा येथेच मिळतो. जे काम कोणाच्याच अखत्यारीत नाही, ज्यात मानमरातब नाही, परंतु ज्याची उणीव शेकडो लोकांना रोज जाणवते, असे काम नेमके हेरणे हाच ह्या सेवेचा खरा गुण होय.

इकडे भारत सेवक समाजाच्या आजन्म सेवकांना लवकरच उमगले की मूठभर माणसांनी जन्म वाहिला तरी देशाचा गाडा हलत नाही. त्यांच्या पाठीशी सवडीने काम करणारे शेकडो हात लागतात. समाजाचे सदस्य ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणगावातील रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने अशा कामांत शहरातील सुशिक्षितांना ओढून घेतले. महाराष्ट्राबाहेर अलाहाबादेस १९१४ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या पुढाकाराने सेवा समिती उभी राहिली. यात्रा-मेळ्यांतील गर्दीची व्यवस्था आणि रुग्णसेवा हे तिच्या स्वयंसेवकांचे क्षेत्र होते. तात्पर्य, पूर्णवेळ सेवक आणि सवडीचा स्वयंसेवक हे प्रतिस्पर्धी नव्हेत. पहिला दिशा आणि सातत्य देतो, तर दुसरा बळ आणि विस्तार देतो.

महर्षी कर्वे यांच्या ठायी तर हे दोन्ही प्रकार एकवटलेले दिसतात. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते आणि १९१४ पर्यंत ती नोकरी त्यांनी सांभाळली. आश्रम १९०० साली हिंगण्यास गेल्यावर तेथून महाविद्यालयापर्यंतची पायपीट आणि सुट्ट्यांत निधीसाठी गावोगावची भ्रमंती हा त्यांचा क्रम होता. ज्या कार्याला आज आपण युगप्रवर्तक म्हणतो, त्याची पहिली अठरा वर्षे एका नोकरदार माणसाच्या सवडीतून निघालेली आहेत, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. त्याच संस्थेच्या भाऊबीज निधीने पुढे घरोघरच्या बहिणींच्या ओवाळणीतील वाटा आश्रमातील बहिणींकडे वळविला. निधीला सणाची जोड दिल्याने मागणाऱ्याचा संकोच गेला आणि देणाऱ्याला उपकारकर्त्याऐवजी भावाचे नाते मिळाले.

थोड्या पैशांतून मोठे काम उभे करण्याचा आणखी एक मराठी प्रयोग म्हणजे अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड. प्रत्येकाने वर्षाकाठी अवघा एक पैसा द्यावा, ही त्यांची कल्पना. अनेकांनी तिची थट्टा केली. पण लोकमान्य टिळकांचा पाठिंबा मिळाला आणि ह्याच पैशांतून १९०८ मध्ये तळेगावास काचकारखाना उभा राहिला. परदेशी शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे काचकामाचे शिक्षण दिले. ह्याला समांतर घटना रोटरीच्याही इतिहासात आढळते. १९१७ साली अटलांटा येथील अधिवेशनात आर्च क्लम्फ यांनी जगात चांगली कामे करण्यासाठी एक कायम निधी असावा असे सुचविले. त्या निधीत पडलेली पहिली रक्कम होती साडेसव्वीस डॉलर! एवढ्या रकमेची त्या वेळी कोणी दखलही घेतली नसेल. परंतु पैसा असो की साडेसव्वीस डॉलर, अशा निधीचे बळ रकमेत नसून देणाऱ्यांच्या संख्येत आणि वर्षानुवर्षे टिकणाऱ्या सवयीत असते.

भारतात रोटरीचा पहिला क्लब १९१९-२० च्या सुमारास कलकत्त्यास स्थापन झाला. १९२९ मध्ये मुंबईस झाला. आरंभी त्यांवर युरोपीय व्यापारी आणि अधिकारी यांचीच छाप होती. हळूहळू ती पुसली गेली आणि १९६२ साली कलकत्त्याचे नितीश लाहिरी सबंध रोटरी संघटनेचे जागतिक अध्यक्ष झाले. हा मान मिळविणारे ते पहिले आशियाई होत. दुसरी मोठी संघटना लायन्स हिची उभारणी १९१७ साली शिकागोचेच मेल्विन जोन्स यांनी केली. १९२५ साली हेलन केलर यांनी तिच्या अधिवेशनात अंधांच्या सेवेचे आवाहन केले, तेव्हापासून दृष्टी हे तिचे व्रत बनले. १९५६ साली लायन्स मुंबईत अवतरली आणि तिने जिल्ह्याजिल्ह्यांत नेत्रशिबिरांना हातभार लावला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया डॉक्टर करतात हे खरे. परंतु शाळेच्या खोल्या मोकळ्या करून घेणे, खाटा आणि पांघरुणे जमविणे, खेड्यांतून वृद्धांना आणणे, नातलगांची जेवणे पाहणे, चष्मे पोचविणे ही सारी कामे स्वयंसेवकांची. शस्त्रक्रियेचे यश ह्या न दिसणाऱ्या कामांवरही अवलंबून असते.

तथापि ह्या संस्थांचे दोष झाकणे इतिहासाला धरून होणार नाही. उंची उपाहारगृहांतील भोजने, पदाधिकाऱ्यांचे हारतुरे आणि चार शिलाई यंत्रांच्या वाटपाची छायाचित्रे यांमुळे टीकाकारांना पुष्कळ खाद्य मिळाले व ते सर्वस्वी अनाठायी नव्हते. स्त्रियांच्या बाबतीत तर दीर्घकाळ अन्यायच झाला. कॅलिफोर्नियातील डुआर्ट येथील क्लबाने स्त्रियांना सभासद करून घेतले म्हणून १९७८ मध्ये त्याची मान्यताच काढून घेण्यात आली. तो वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९८७ साली क्लबाच्या बाजूने निकाल लागला आणि १९८९ मध्ये रोटरीने आपल्या नियमांतील पुरुषांची अट काढून टाकली. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांनी सेवासदन उभारले होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही ऐंशी वर्षांची दिरंगाई विशेष खटकेल. सेवेचे दार अर्धेच उघडे ठेवणारी संस्था स्वतःचेच अर्धे बळ बाहेर उभे करीत असते.

ह्या सगळ्या दोषांसह सवडीच्या सेवेने केवढी मजल मारली, ह्याचे उत्तर पोलिओच्या इतिहासात सापडते. १९७९ साली फिलिपाइन्समधील बालकांना डोस पाजण्याच्या योजनेपासून रोटरीचे हे काम सुरू झाले. १९८५ मध्ये जगभरासाठी निधी उभारण्याचा संकल्प सुटला. उद्दिष्ट १२ कोटी डॉलरचे होते. १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाखांची जुळणी झाली. मेजवान्या, लॉटऱ्या, नाटकांचे मदतप्रयोग, पदयात्रा अशा लहानमोठ्या हजारो मार्गांनी हा पैसा आला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने निर्मूलनाचा निर्धार जाहीर केला. तेव्हा सुमारे सव्वाशे देशांत मिळून वर्षाला साडेतीन लाख मुले ह्या रोगाने पंगू होत होती.

भारतात दिल्ली राज्याने १९९४ च्या गांधीजयंतीस आणि डिसेंबर १९९५ पासून साऱ्या देशाने पल्स पोलिओ मोहीम सुरू केली. एकेका राष्ट्रीय लसीकरणदिनी सुमारे १७ कोटी बालकांना डोस पाजले जात. ह्याचा मुख्य भार सरकारी आरोग्ययंत्रणेने, परिचारिकांनी आणि अंगणवाडी सेविकांनी वाहिला. श्रेयाचे पहिले मानकरी तेच होत. परंतु बूथ मांडणे, फेऱ्या काढणे, फलक लावणे आणि मुख्य म्हणजे शंकित मनांची समजूत घालणे ह्यांत क्लबांचे स्वयंसेवक त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. उत्तर प्रदेशात लसीविषयी अफवा पसरल्या तेव्हा रोटरीने उलेमांची समिती नेमली आणि वस्तीतील ज्यांचा शब्द मानला जातो त्यांच्याच मुखाने पालकांपर्यंत सत्य पोचविले. दार लावून घेतलेल्या घरी पुन्हा जायचे, राग न धरता पुन्हा बोलायचे, हे धैर्य पैशाने विकत मिळत नाही. २००९ साली देशात ७४१ रुग्ण होते. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यातील एका बालिकेला लागण झाल्याचे आढळले. देशातील नैसर्गिक पोलिओची ती अखेरची रुग्ण ठरली. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

१९७९ ते २०१४ म्हणजे पस्तीस वर्षे. ह्या काळात क्लबांचे अध्यक्ष दरवर्षी बदलले, काम मात्र बदलले नाही. सवडीच्या सेवेची खरी कसोटी हीच होय. सवड अपुरी असते, म्हणूनच ती दहा कामांत उधळून चालत नाही. एक काम धरावे आणि कार्यकारिणी बदलली तरी ते सोडू नये. दुसरी कसोटी हिशेबाची. लोकांकडून जमविलेला पैसा लोककार्यासच लावावा, संस्थेचा चहापाण्याचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून भागवावा आणि दोन्ही खाती वेगळी ठेवावीत, हा लायन्स क्लबांचा दंडक प्रत्येक मंडळाने गिरवावा असा आहे. तिसरी कसोटी दाराची. ते कोणासाठी उघडे आणि कोणासाठी बंद, ह्यावरून संस्थेचे वय नव्हे, आयुष्य ठरते.

जी स्मरणिका वाचकांच्या हाती आहे, तीही ह्याच परंपरेतील आहे. तिच्या अखेरच्या पानांवर ज्या व्यापाऱ्यांच्या व हितचिंतकांच्या जाहिराती असतात, त्या मिळविण्यासाठी कोणी तरी कचेरी सुटल्यावर दुकानोदुकानी हिंडलेले असते. वाचक ती पाने बहुधा न वाचताच उलटतात. आमची विनंती एवढीच की ह्या वेळी ती पानेही सावकाश पाहावीत. पन्नास वर्षे टिकलेल्या कोणत्याही मंडळाच्या इमारतीत अशा अनामिक संध्याकाळींचा चुना कालवलेला असतो. पुढील पन्नास वर्षांसाठी लागणारे भांडवलही तेच आहे आणि सुदैवाने ते आपल्यापैकी प्रत्येकाजवळ थोडेथोडे शिल्लक आहे.