सवण्यापासून एक्झॉस्ट फॅनपर्यंत

रौप्यमहोत्सवी अंकात सोसायटीच्या आठवणी पुष्कळ येतील. मी जरा घरातल्या हवेचा हिशेब मांडतो. बँकेतली सवय, दुसरं काय!

मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. खिडक्या कमीच. पण माळवदाला सवणे, म्हणजे उजेडासाठी ठेवलेले भोक, असे. गरम हवा हलकी; ती चुलीच्या धुरासकट सवण्यातून वर जाई आणि दारातून ताजी हवा आत येई. खर्च शून्य. मात्र वारा पडला की धूर घरातच कोंडे, आणि त्याची किंमत घरातल्या बायका डोळ्यांनी आणि छातीनं मोजत.

मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या या शहराला उन्हाळा नवा नाही. पाणचक्कीच्या हौदाखालचं दालन पाहा. डोक्यावर पाणी, म्हणून आत गारवा. विजेशिवाय!

सत्तरच्या दशकात सिडको आली, स्लॅबची घरं आली. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता घरात सोडतो. मग कूलर आला. तो बाहेरची हवा ओल्या गवतातून आत ढकलतो. समोरची खिडकी उघडी नसेल तर नुसता दमटपणा वाढतो. पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही, आणि नळाला रोज पाणी नसलेल्या आपल्या शहरात त्याची टाकी भरणंही सोपं नाही. पुढे एसी आला. तो गारवा देतो, पण बहुतेक स्प्लिट एसी घरातलीच हवा फिरवतात, ताजी आणत नाहीत.

आता आकडे. २०० वॉटचा कूलर आठ तास चालला तर १.६ युनिट. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला तर त्याच वेळात सुमारे १२ युनिट. आणि ४० वॉटचा एक्झॉस्ट फॅन रोज एक तास लावला तर महिनाभरात फक्त १.२ युनिट!

हे सगळं सांगायचं कारण एकच. पावसाचं पाणी येतं म्हणून गच्चीवर डक्टचं तोंड पत्र्यानं बंद करावं, असं काही सभासद म्हणतात. त्याच डक्टमध्ये आपल्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात, आणि कित्येक घरांत आत गॅस गीझर आहेत. कोंडलेल्या जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस नुसता झोपी गेल्यासारखा पडतो. म्हणून पत्रा टाकायचाच तर उंचावर, चारी बाजू मोकळ्या ठेवून टाकावा, आणि गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा.

आपल्या वाडवडिलांनी मातीच्या घरातसुद्धा सवणे बुजवलं नव्हतं. आपणही डक्ट बुजवू नये. येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मंजूर व्हावा, एवढीच विनंती.