नक्कल आणि गोषवारा : ग्राहकाच्या संभाषणावरील हक्काचा इतिहास

ग्राहक आणि व्यापारी यांच्यात जे बोलणे होते त्याची नोंद बहुधा एकाच पक्षाच्या दप्तरी राहते. पुढे वाद उपस्थित झाला म्हणजे त्या नोंदीला पुराव्याचे मोल येते, आणि ज्याच्याजवळ ती नाही त्याला केवळ स्वतःच्या स्मरणाचा आधार उरतो. दुसऱ्याच्या दप्तरातील आपल्याविषयीची नोंद मागण्याचा हक्क म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. या हक्काचा इतिहास पाहू गेल्यास तो बव्हंशी दोन शब्दांभोवती फिरताना दिसतो. ते शब्द म्हणजे ‘नक्कल’ आणि ‘गोषवारा’. नक्कल ही मुळाबरहुकूम असते; गोषवारा हा दप्तर बाळगणाऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे केलेला संक्षेप असतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न दूरध्वनीवरील ग्राहकसेवेच्या पुष्कळ आधी उपस्थित झाला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध जो उठाव झाला, त्यात शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने खते, रोखे व हुकूमनामे यांवर होता. हे कागद हिसकावून घेऊन जाळण्यात आले. चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याने शेतकऱ्याला भरण्याची लेखी पावती, वार्षिक हिशेबाचा उतारा आणि वेळोवेळी भरून मिळणारे पासबुक मागण्याचा हक्क दिला. सावकाराच्या वहीत जे होते त्याचे प्रतिरूप कुळाच्या हाती यावे, हे तत्त्व येथे कायद्याने मान्य केले. पावती व हिशेबाचा उतारा देण्याचे बंधन पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात व २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यातही आले. तथापि या सर्व कागदांत रक्कम उतरत असे, बोलणे उतरत नसे. मुदतीविषयी वा सुटीविषयी सावकाराने तोंडी दिलेला शब्द हवेतच विरे.

दूरध्वनीवरील संभाषणाच्या ध्वनिमुद्रणाने ही स्थिती पालटली. आता प्रत्यक्ष शब्द, त्यांचा क्रम व स्वर यांसह टिकून राहतो. परंतु तो कंपनीच्या दप्तरी टिकतो. या दप्तरातून ग्राहकाला काय मिळावे, याविषयी युरोपातील कायद्याच्या भाषेत झालेले स्थित्यंतर उद्‌बोधक आहे. १९९५ च्या युरोपीय निर्देशात व्यक्तीला तिच्याविषयीची माहिती ‘सुबोध स्वरूपात’ कळविण्याचे बंधन होते. या शब्दयोजनेचा अर्थ लावताना युरोपीय न्यायालयाने नेदरलँड्समधील एका प्रकरणात जुलै २०१४ मध्ये असा निर्णय दिला, की माहितीचा संपूर्ण व सुबोध सारांश दिला तरी पुरे. २०१६ मध्ये संमत झालेल्या आणि २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या नव्या विनियमात मात्र ‘प्रत’ हा शब्द स्पष्टपणे आला. ती पहिल्या वेळी विनामूल्य व सामान्यतः एका महिन्याच्या आत द्यावयाची असते. इतरांच्या हक्कांना बाध येऊ नये एवढी मर्यादा तीस आहे. मे २०२३ मध्ये ऑस्ट्रियातील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने ‘प्रत’ म्हणजे माहितीची यथातथ्य व सुबोध प्रतिकृती, असा अर्थ निश्चित केला. अशा रीतीने गोषवाऱ्याकडून नकलेकडे येण्यास न्यायालयाला नऊ वर्षे लागली. गुंतवणुकीच्या व्यवहारांविषयी तर ३ जानेवारी २०१८ पासून निराळाच नियम अमलात आला. त्यानुसार सौद्यांसंबंधीच्या दूरध्वनी संभाषणांचे मुद्रण पाच वर्षे जपावयाचे आणि संबंधित ग्राहकाने मागताच त्याला द्यावयाचे असते.

भारतातील चित्र संमिश्र आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सार्वजनिक प्राधिकरणाकडून प्रमाणित नक्कल मिळते. खाजगी कंपनी सामान्यतः त्याच्या कक्षेबाहेर राहते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनी तक्रारदाराला तक्रार क्रमांक देणे आवश्यक केले; म्हणजे बोलणे झाल्याची खूण मिळाली, बोलणे नव्हे. २०१८ मध्ये ‘सेबी’ने शेअर दलालांवर ग्राहकाच्या आदेशाचा पुरावा जपण्याचे बंधन घातले आणि वाद झाल्यास सिद्धतेचा भारही त्यांच्यावरच टाकला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये ग्राहक आयोग कागदपत्रे व इतर वस्तू हजर करण्याचा आदेश देऊ शकतो, पण त्यासाठी आधी तक्रार दाखल करावी लागते. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने व्यक्तीला आपल्या माहितीचा ‘सारांश’ मागण्याचा हक्क दिला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले व अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरविण्यात आली. त्या कलमात ‘प्रत’ हा शब्द नाही. ज्या वर्षी युरोपात नकलेचा अर्थ निश्चित झाला, त्याच वर्षी भारतीय विधिमंडळाने गोषवाऱ्याचा शब्द स्वीकारला, ही गोष्ट लक्षणीय होय.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. भाषेच्या दृष्टीने पाहता गोषवारा हे अप्रत्यक्ष कथन असते आणि अप्रत्यक्ष कथनात बोलणाऱ्याची बांधिलकी सहज गळून पडते. ग्राहकाने “हप्ता एकदाच कापला जाईल ना?” असे विचारले आणि सेवकाने “हो, एकदाच” असे उत्तर दिले, असे समजू. नोंदवहीत याचे रूप “ग्राहकास हप्त्याविषयी माहिती दिली” असे होऊ शकते. या वाक्यात खोटे काहीच नाही. तरीही मूळ संभाषणातील वचन मात्र त्यातून नाहीसे झाले आहे. वाद ज्या दोन शब्दांवर उभा राहावयाचा, नेमके तेच शब्द दुसऱ्या पक्षाच्या लेखणीखाली लोपतात. १८७९ च्या कायद्याने कुळाला रकमेपुरता का होईना, वहीतील उतारा मिळवून दिला; बोललेल्या शब्दाचा तसा उतारा मिळण्याची सर्वसाधारण तरतूद भारतीय ग्राहकाच्या बाबतीत अद्याप व्हावयाची आहे.