अखिलाडूपणाचं कलम

ऑक्टोबर 2019. जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये होल्स्टाइन कील आणि बोखुम यांचा सामना चालू होता. कीलचा राखीव खेळाडू मिखाएल एबरवाइन आपल्याच गोलमागे वॉर्म-अप करत होता. बोखुमचा फटका गोलच्या बाहेर चालला होता आणि एबरवाइनने सहज पाय पुढे करून चेंडू अडवला. पण चेंडू अजून रेषेच्या पूर्ण पलीकडे गेलेला नव्हता. रेफरीने व्हीएआरवर बघितलं, एबरवाइनला पिवळं कार्ड दाखवलं आणि बोखुमला पेनल्टी दिली. तिच्यावर गोलही झाला. राखीव खेळाडूने खेळात लुडबुड केली तर थेट फ्री किक किंवा पेनल्टी, हा नियम 2016 चा. त्याआधी हेच प्रकरण अप्रत्यक्ष फ्री किकवर भागलं असतं.

असले विचित्र गुन्हे नियमांच्या पुस्तकात आपोआप येत नाहीत. आधी कुणीतरी चलाखी करतो किंवा गाफील राहतो, मग कलम येतं.

लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने 1863 मध्ये पहिले नियम लिहिले, तेव्हा त्यांत रेफरीच नव्हता. वाद कप्तानांनी आपसात मिटवायचा. सुरतच्या पांडेसरा-उधन्याच्या गल्लीत पोरं खेळतात तीही याच पद्धतीने. पोटनियम एकच जादा, ज्याचा बॉल त्याचा निकाल. पुढे दोन्ही संघांचे अंपायर आले आणि त्यांचं जुळलं नाही तर निवाडा करायला मैदानाबाहेर रेफरी. 1891 मध्ये रेफरी मैदानात उतरला, अंपायर रेषेवर गेले. पेनल्टीही त्याच वर्षीची. ती सुचवली विल्यम मॅक्रमने. आयर्लंडमधल्या लिनन गिरणीमालकाच्या घरातला हा मुलगा गावच्या संघाचा गोलकीपर होता. इंग्लंडच्या सद्‌गृहस्थांना ही सूचना अपमानास्पद वाटली, कारण सभ्य माणूस मुद्दाम फाउल करतो हेच त्यांना मान्य नव्हतं.

पण माणूस काय काय करील याची यादी कोण करणार? म्हणून नियमांत ‘सभ्य गृहस्थाला न शोभणारं वर्तन’ असं एक मोकळं कलम राहिलं. 1997 च्या नव्या मसुद्यात गृहस्थ गेले आणि ‘अखिलाडू वर्तन’ आलं. अधिकार मात्र तोच राहिला: पुस्तकात नसलेली लबाडी ओळखायचा.

ओरडण्याचंच घ्या. समोरच्या संघाचा खेळाडू मागून ‘सोड, माझा!’ म्हणतो आणि तुम्ही आपला सोबती समजून चेंडू सोडता. हे अखिलाडू वर्तन. पिवळं कार्ड आणि अप्रत्यक्ष फ्री किक. पण ‘माझा’ म्हणणं हाच फाउल, अशी जी समजूत मैदानोमैदानी पसरली आहे ती चूक आहे. प्रतिस्पर्ध्याला फसवलं तरच गुन्हा.

सगळ्यांत मजेदार वंशावळ बॅकपासची. 1990 च्या विश्वचषकात गोलकीपरकडे चेंडू परत देत वेळ काढायचा प्रकार इतका कंटाळवाणा झाला, की सोबत्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायला 1992 पासून बंदी आली. लगेच पळवाट निघाली: चेंडू पायाने वर उडवायचा आणि डोक्याने गोलकीपरकडे ढकलायचा. मग त्या युक्तीलाच पिवळं कार्ड, गोलकीपर चेंडूला हात लावो न लावो. 2019 मध्ये गोल किकवरून अशीच शक्कल निघाली. गोलकीपर चेंडू उडवणार, बचावपटू हेडर करून परत त्याच्याच हातात देणार. आता तीही कलमात आहे, आणि डाव गोलकीपरने सुरू केला असेल तर कार्ड त्यालाच.

कार्डंसुद्धा गोंधळातून जन्मली. 1966 च्या इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात कुणाला ताकीद मिळाली हे खेळाडूंनाच कळलं नव्हतं. रेफरींचे प्रमुख केन ॲस्टन यांना लंडनच्या सिग्नलपाशी पिवळ्या-लाल रंगांची कल्पना सुचली. 1970 च्या विश्वचषकात कार्डं खिशात आली. त्या स्पर्धेत लाल मात्र एकदाही निघालं नाही.

आपल्याकडचं गाजलेलं प्रकरण 3 मार्च 2023 चं, बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवरचं. जादा वेळेत बेंगळुरूच्या सुनील छेत्रीने केरळ ब्लास्टर्सची भिंत उभी राहायच्या आत फ्री किक मारून गोल केला. ब्लास्टर्सना ती लबाडी वाटली आणि ते मैदान सोडून गेले. माझ्या मते छेत्रीने गैर काही केलं नाही. रेफरीने थांबायला सांगितलं नसेल तर फ्री किक झटपट घ्यायला नियमाची मुभा आहे. भिंत उभी करायला वेळ मिळणं हा बचाव करणाऱ्यांचा हक्क नाही. मैदान सोडणं मात्र कुठल्याच नियमात बसत नाही. भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्त समितीने ब्लास्टर्सना चार कोटी रुपयांचा दंड केला आणि तेव्हाचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांच्यावर दहा सामन्यांची बंदी घातली.