उंबरठ्याची शोभा

उंबरा हा आपला शब्द संस्कृत 'उदुंबर' या शब्दापासून आला. संस्कृतांत उदुंबर म्हणजे औदुंबराचें झाड, आणि उदुंबर म्हणजे दाराचा उंबरठाही. नृसिंहवाडीला ज्या वृक्षाखालीं आपण मस्तक नमवितों, त्याच्याच नांवाची आडवी पट्टी ओलांडून आपण रोज घरांत शिरतों. तेव्हां घराच्या दर्शनी भागाची सजावट ही केवळ हौसेची बाब मानून चालणार नाहीं.

दार मुळांत स्वागतासाठीं नव्हतेंच; तें अडविण्यासाठीं होतें. इ. स. १७१५ च्या 'आज्ञापत्रां'त रामचंद्रपंत अमात्यांनीं गडाच्या दरवाजाविषयीं बजाविलें आहे, तें हेंच: दरवाजा खालून सरळ माऱ्यांत येऊं नये, पुढें बुरूज असावा, येण्याजाण्याची वाट त्या बुरुजाच्या नजरेखालीं असावी. पन्हाळ्याचा तीन दरवाजा पाहा. बांधणी आदिलशाही, पण गड मराठ्यांकडे आल्यावर आंतील दारावर गणपति कोरला गेला. शत्रूला थोपविणाऱ्या दारावरही मंगलमूर्ति बसली, आणि येथूनच आपल्या विषयाला खरी सुरुवात होते.

कोल्हापूर हें स्वतःच तटबंदीचें शहर होतें. तट गेला; बिंदु चौकाशीं त्याचा थोडा भाग उरला, आणि गंगावेश, रंकाळावेश हीं नांवें उरलीं. वाड्यांनीं हीच रीत लहान प्रमाणावर उचलली. भक्कम दरवाजा, आंतून भिंतींत सरकणारा अडसर, आणि मोठ्या दारांत बसविलेली बुटकी दिंडी. दिंडींतून येणाऱ्याला वांकावेंच लागे. आपण त्याला नम्रता म्हणतों. पहारेकऱ्याच्या दृष्टीनें मात्र वांकलेला मनुष्य एकदम तलवार उपसूं शकत नसे, एवढाच त्याचा अर्थ! आंत पहाऱ्याची देवडी, पुढें चौक, मग सोपा. या कठोर रचनेलाच लोकांनीं माया लावली. चौकटीच्या वर गणेशपट्टी आली, दोहों बाजूंस पणतीच्या देवळ्या आल्या, बाहेर वाटसरूला टेकावयास ओटा आला. पाहुणा आला कीं प्रथम पाय धुवावयास तांब्याभर पाणी, मग गूळपाणी, आणि मग 'काय काम काढलेंत?'

दाराबाहेरची सत्ता स्त्रियांची होती. पहांटे सडा पडे, त्यावर शिरगोळ्याच्या पुडीची रांगोळी उठे. ही कला आजकालची नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लासां'त धूलिचित्राचा स्वतंत्र प्रकार सांगितला आहे. मात्र ज्या हातांनीं हीं चित्रें काढलीं त्यांचीं नांवें कोणत्याही ग्रंथांत नाहींत, आणि दुपारपर्यंत चित्रही पायांखालीं पुसलें जाई.

पुढें नव्या राजवाड्यानें नवी तऱ्हा दाखविली. मेजर मँट यांच्या आराखड्यावरून इ. स. १८७७ ते १८८४ या काळांत तो बांधला गेला. पुढें गांवांत बंगले उठूं लागले, तसे देवडीऐवजीं पोर्च आणि ओट्याऐवजीं व्हरांडा आले. त्यांविषयीं अधिक सांगण्यासारखें नाहीं.

सांगावयाचें आहे तें निराळेंच. उंबरठ्याशीं जी कोल्हापुरी चप्पल आपण उतरवितों, ती करणारा कारागीर कित्येक पिढ्या त्या उंबरठ्याच्या आंत येऊं शकला नाहीं. त्याच्या हातची वस्तु दाराशीं, आणि तो अंगणाच्या कडेला! तोरण, रांगोळी, गणेशपट्टी सारें यथास्थित असूनही तें दार त्याच्यापुरतें गडाचेंच दार राहिलें. राजर्षि शाहू महाराजांनीं हें ओळखलें. इ. स. १९१९ मध्यें त्यांनीं शाळा, दवाखाने, पाणवठे अशा सार्वजनिक जागीं अस्पृश्यता पाळूं नये असे हुकूम काढले. पण हुकूम खासगी घराच्या दाराशीं थांबतो. म्हणून महाराजांनीं दुसराही मार्ग धरला: गंगाराम कांबळे यांनीं चहाचें दुकान काढलें, तेव्हां आपली गाडी तेथें थांबवून ते स्वतः चहा घेत. राजाच तेथें चहा घेऊं लागल्यावर बरोबरच्या मंडळींना मान फिरवितां येईना. या घटनेला आमच्या शहराच्या वास्तुवर्णनांत जागा मिळत नाहीं. माझ्या मतें नगारखान्याच्या आधीं मिळावयास हवी.

आतां वाडे पाडून सदनिका उठत आहेत. दारापुढें चार पावलांची जागा, तींत चपलांचें कपाट, आणि दाराला पलीकडचा मनुष्य न्याहाळण्याचें भिंग. देवडीवरचा पहारेकरी तेवढा भिंगांत जाऊन बसला. चिकटविण्याची रांगोळी मला रुचत नाहीं, परंतु नोकरीवर धांवणाऱ्या सुनेला दोष देणें अन्यायाचें होईल. तेवढ्या जागेंतही एक स्टूल मावतें. जिने चढून आलेल्या टपालवाल्याला, सिलिंडर आणणाऱ्याला, कचरा नेणाऱ्या बाईला त्यावर घटकाभर बसवून पेलाभर पाणी द्यावें, आणि पेला घरांतलाच असावा, निराळा काढून ठेवलेला नसावा. तोरण दसऱ्याला आंब्याच्या पानांचें बांधलें, तर फारच उत्तम.